गावात जुलाबाची साथ आणि आपल्याला आधीच कोलायटिस: गोळ्या बंद करायच्या का?

२०२५चा डिसेंबर संपता संपता आपल्या इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाईनमध्ये ड्रेनेजचं पाणी मिसळलं, शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात भरती झाले आणि काही जण घरी परत आलेच नाहीत. त्या दिवसांत मला ओळखीतल्या चार-पाच घरांतून फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच. रामबागेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांना आठ वर्षांपासून आतड्याचा त्रास आहे, त्या प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, मग आता साथीत बंद करून टाकू का?"

मला विचारतात कारण मला स्वतःला २०१२पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मी डॉक्टर नाही, पण हा आजार घेऊन एक कोरोना काढलाय, दोनदा डेंग्यूच्या सीझनमध्ये घाबरलेय आणि एक मोठी चूकही केलीय, ती पुढे सांगते. काकूंना दिलेलं उत्तर आधीच लिहून टाकते: स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, आणि साथीत जुलाब लागले तर "नेहमीचंच आहे" म्हणून घरात बसूही नका. असं का, ते नीट समजलं पाहिजे, नाहीतर घाबरल्यावर कोणाचंच ऐकलं जात नाही.

आधी हे दुखणं नक्की काय आहे

पहिला घोळ नावाचा. परीक्षा आली, टेन्शन आलं की पोट बिघडतं, गॅस होतो, पण आतड्याला आतून जखम नसते, तो आयबीएस. त्रासदायक आहेच, पण ह्या लेखातला आजार तो नाही. इथे आपण आयबीडीबद्दल बोलतोय, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं राहणारी सूज आणि जखमा. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो, गुदद्वारापासून सुरू होऊन वर सलग पसरतो आणि आतलं अस्तर सोलवटून टाकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधे मधे ठिगळं ठिगळं असल्यासारखा, आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो.

सूज येते कशाने? इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, डोळ्यांसमोर आणा. समजा राजवाड्यापुढच्या त्या गर्दीत चार टवाळखोर घुसले, पोलिसांनी लाठी चालवली, टवाळखोर पळाले, पण "आता थांबा" हा हुकूम पोलिसांपर्यंत पोचलाच नाही आणि ते रांगेतल्या दुकानदारांनाच मारत सुटले. आयबीडीत आपल्या प्रतिकारशक्तीचं असंच होतं. आतड्यात राहणारे साधे जंतू, स्वतःचंच अस्तर, सगळ्यांवर लाठी. हे का सुरू होतं त्याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही, थोडं घराण्यातून येतं, थोडं आतड्यातल्या जंतूंच्या वस्तीतून, थोडं राहणीतून. मारझोड जोरात असते तेव्हा दिवसातून दहा-दहा वेळा रक्त-आव पडते, त्याला फ्लेअर म्हणतात, मी भडका म्हणते. मधले शांत महिने किंवा वर्षं ही गोळ्यांची कमाई असते, आजार गेलेला नसतो. हे घरच्यांना पटायला सगळ्यात जड जातं, माझ्या आईला पाच वर्षं लागली.

"पण गोळ्या तर प्रतिकारशक्ती मारतात ना?"

सगळ्या नाही, आणि सगळ्या सारख्याही नाहीत, इथेच लोक गल्लत करतात.

मेसालामीन ही बहुतेक कोलायटिसवाल्यांची रोजची गोळी. ती आतड्याच्या अस्तरावर तिथल्या तिथे काम करते, गेरीच्या गल्लीत एका समजूतदार हवालदाराने "बस झालं" म्हणत फिरावं तशी. अख्ख्या शरीराची ताकद ती कमी करत नाही, त्यामुळे साथीच्या भीतीने ती बंद करण्यात काहीच अर्थ नाही. आणि तरी लोक पहिल्यांदा तीच बंद करतात, कारण तिच्या गोळ्या मोठ्या आणि दिवसाला चार-सहा घ्यायच्या असतात!

स्टेरॉईड, म्हणजे प्रेडनिसोलोन वगैरे, म्हणजे अख्ख्या शहरात कर्फ्यू. मारझोड लगेच थांबते, पण दूधवाला, अँब्युलन्स, चोर पकडणारा पोलीस, सगळेच अडकतात, म्हणून भडका विझवायला काही आठवडे आणि मग हळूहळू कमी करत बंद, असा त्याचा नियम. अझाथायोप्रिन म्हणजे पोलीसभरतीच कमी करणं. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि बंद केल्यावर उतरायलाही वेळ लागतो. आणि बायोलॉजिक इंजेक्शनं, इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब ही, वायरलेसवरचा एकच मेसेज अडवतात, टीएनएफ नावाचा, ज्याने ही सूज पेटत राहते.

आता बघा, "साथ आहे म्हणून आठ दिवस अझाथायोप्रिन सोडते" असं कोणी म्हटलं तर त्या आठ दिवसांत ताकद परत येतच नाही, फक्त भडक्याला दार उघडून मिळतं. इन्फ्लिक्सिमॅब साधारण आठ आठवड्यांनी घ्यायचं असतं, त्यात मोठा खंड पडला तर शरीर त्या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं आणि मग तेच महागडं इंजेक्शन पुढे लागू पडेनासं होतं.

एप्रिल २०२१मध्ये मी काय केलं

कोरोनाची दुसरी लाट आठवते ना, ऑक्सिजनसाठी रांगा, रोज सकाळी कोणाची तरी बातमी. मी तेव्हा अझाथायोप्रिनवर होते, चार वर्षं पोट शांत होतं. कोणीतरी सांगितलं की ही गोळी खाणाऱ्यांना कोरोना सोडत नाही, आणि मी डॉक्टरांना न विचारता बंद केली. भीती खरी होती, तिची लाज वाटण्यासारखं काही नाही, पण निर्णय चुकला. जूनमध्ये रक्त दिसलं. जुलैमध्ये दिवसाला बारा वेळा जायला लागले, वजन नऊ किलो उतरलं आणि शेवटी चाळीस मिलिग्राम प्रेडनिसोलोन सुरू करावं लागलं.

म्हणजे झालं काय, की ज्या औषधाच्या भीतीने मी गोळी सोडली त्याच्यापेक्षा जास्त धोक्याचं औषध मला भर साथीत घ्यावं लागलं. हे माझ्या एकटीचं मत नाही. मार्च २०२०मध्ये जगभरच्या पोटाच्या डॉक्टरांनी मिळून सिक्युअर-आयबीडी नावाची एक नोंदवही सुरू केली, कोरोना झालेला आयबीडीचा कुठलाही पेशंट त्यात नोंदवायचा. पहिला मोठा हिशोब ३३ देशांतल्या ५२५ पेशंटचा आला आणि त्यात स्टेरॉईड घेणाऱ्यांचा कोरोना जास्त गंभीर झालेला दिसला, टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांचा तसा दिसला नाही. नंतर नोंदी वाढल्यावर अझाथायोप्रिनच्या गटातही त्या इंजेक्शनवाल्यांपेक्षा धोका जास्त दिसला, हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणूनच हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून करायचा. पण साथीत आपलं सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे पोट शांत असणं, म्हणजे स्टेरॉईडची वेळच येत नाही, हे तेव्हापासून मी कधी विसरले नाही.

आणि स्टेरॉईड चालू असेल तर तो तर अजिबातच झटक्यात बंद करू नका. तीन आठवड्यांच्या वर घेतला की शरीर स्वतःचा स्टेरॉईड बनवणं कमी करतं, एकदम बंद केला की बीपी पडतं, चक्कर, उलट्या, आणि त्यात कुठलंही इन्फेक्शन आलं तर जिवावर बेततं.

साथीतले जुलाब: भडका की इन्फेक्शन?

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

एक चूक अशी: गल्लीत सगळ्यांनाच झालेत, मलाही तेच, दोन दिवसांत थांबेल. आणि तो असतो भडका, वाढत जातो. दुसरी चूक उलटी आणि आपल्या देशात जास्त घातक: मला कोलायटिस आहे, म्हणजे हा भडकाच, मागच्या वेळची स्टेरॉईडची चिठ्ठी कपाटात आहे, तीच सुरू करते. आणि आतड्यात असतो अमीबा! अमीबाची आव आणि कोलायटिस बाहेरून जुळ्या बहिणींसारखे दिसतात, तेच रक्त, तीच आव, तोच मुरडा, पण अमीबावर स्टेरॉईड दिला तर आतडं फाटण्यापर्यंत जाऊ शकतं. जुनी चिठ्ठी परत वापरायची नाही, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

अंदाज बांधायला काही खुणा आहेत. इन्फेक्शन साधारण एकदम येतं, काल चांगली होते आणि आज पहाटे सुरू झालं, बरोबर उलट्या, ताप, घरातल्या अजून कोणाला तरी तसंच. भडका बहुतेक वेळा दबक्या पावलांनी येतो, आठवडाभर आधी मुरडा, आव, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना. पण ह्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका कारण इन्फेक्शन येऊन जातं आणि जाता जाता भडका पेटवून जातं, दोन्ही एकत्र असू शकतात.

म्हणून टेस्ट. शौचाची साधी तपासणी अमीबा आणि जंतांसाठी, कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं, आणि सी-डिफ म्हणून एक जंतू आहे त्याची तपासणी. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की तो डोकं वर काढतो आणि आयबीडीवाल्यांना इतरांपेक्षा जास्त पकडतो. लॅबवाला विचारेल "कॅलप्रोटेक्टिन पण करायचं का?" ती आतड्यातली सूज मोजणारी टेस्ट आहे, चांगली आहे, पण इन्फेक्शनमध्येही ती वाढतेच, त्यामुळे एकटी तीच करून "वाढली म्हणजे भडकाच" असा निष्कर्ष निघत नाही. नमुना कुठलंही अँटिबायोटिक घ्यायच्या आधी द्यायचा. आणि डॉक्टर कुठलाही असो, रात्रीच्या ड्यूटीवरचा पोरगा असो, पहिलं वाक्य हेच: "मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि मी ह्या गोळ्या घेतेय." इन्फेक्शन जोराचं असेल, ताप असेल, तर डॉक्टर अझाथायोप्रिन किंवा इंजेक्शन काही दिवस थांबवू शकतात. त्यांनी थांबवणं वेगळं आणि आपण घरात बसून थांबवणं वेगळं.

मेडिकलवरून जुलाब थांबवायची लोपेरामाईड आणणं ही आणखी एक सवय. आतडं आतून सुजलेलं असताना त्याची हालचालच बंद केली तर मोठं आतडं फुग्यासारखं फुगू शकतं, ती इमर्जन्सी असते. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या गोळ्यासुद्धा भडका आणू शकतात, तापाला पॅरासिटामॉल, तेही मापात. डेंग्यूच्या दिवसांत तर हे दुप्पट लक्षात ठेवायचं कारण तेव्हा रक्तस्रावाचा धोका असतो आणि अझाथायोप्रिनने प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असू शकतात, म्हणून ताप आला की सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी टेस्ट, लवकर.

पाण्याचं काय, आणि ओआरएस कोलायटिसमध्ये चालतं का?

चालतं, आणि छान चालतं, त्यामागचं कारण मला फार आवडतं. ओआरएसमधलं मीठ आणि साखर लहान आतड्याच्या अस्तरातून हातात हात घालून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग ओढलं जातं. कोलायटिसमध्ये खराब झालेलं असतं मोठं आतडं, लहान आतडं धडधाकट असतं, म्हणजे हे दार आपलं उघडंच आहे. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून लोकांना प्यायला दिलं आणि तिथला मृत्यूदर तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. त्यांना २०२३मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात टाकायचं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भाताची मीठ घातलेली पेजही चांगली. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा तुकडा काढलेला असेल तर नुसतं पाणी पीत राहिल्याने उलट मीठ वाहून जातं, त्यांनी ओआरएसचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आता नळ. जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाईपातून आपल्याकडे नर्मदा येते, पण घरात नळ येतो एक दिवसाआड. मधल्या वेळात पाईप रिकामा आणि दाब नसलेला, शेजारून गटाराची लाईन, पाईपला कुठे फट असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटं पाणी वाहू द्यायचं, ते प्यायच्या भांड्यात भरायचं नाही. साथ असेल तर फिल्टर असला तरी उकळा, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट. क्लोरीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू दाद देत नाहीत, उकळीपुढे ते टिकत नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला हेच जंतू आठवडेच्या आठवडे छळतात. दात घासायला, भाजी धुवायला, गोळ्या गिळायला पण तेच उकळलेलं.

खाण्याबद्दल मी कडक नाही, इंदूरमध्ये राहून कडक होताही येत नाही. सराफा बाजारातले तळलेले गराडू, छप्पन दुकानांवरचं काहीही, शांत काळात थोडं चालतं ज्याचं त्याला. साथीत मात्र नियम सोपा: समोर गरम झालेलं खा, कच्चं सोडा. पोहे खा, वरची कोथिंबीर आणि कांदा नको. पताशे, म्हणजे पाणीपुरी, नको, बर्फ नको. पोट बिघडलेलं असेल तर मऊ भात, मुगाचं पातळ वरण, मेतकूट, थोडं तूप. जुलाबानंतर काही दिवस दूध पचत नाही, घाबरू नका, ते परत येतं.

"मग प्रतिकारशक्ती वाढवायला काढा तरी घेऊ का?"

ज्या पोलिसांना थांबवायला आपण गोळ्या घेतोय त्यांनाच आणखी लाठ्या वाटायच्या का? माझी ह्यावर चिडचिड होते, कारण प्रेमाने दिलेला काढा नाकारणं फार कठीण असतं, माझ्या मावससासूबाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद काहीही असो, अझाथायोप्रिन आधीच लिव्हरवर ताण देतं, त्यात माप माहीत नसलेलं काही मिसळण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आलं-तुळशीचा चहा हवा तर प्या.

ताकद वाढवायचीच असेल तर लस. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी, टायफॉईडचं कॉन्जुगेट इंजेक्शन, न्यूमोनियाची लस, ह्यांत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे दाबलेल्या प्रतिकारशक्तीतही चालतात. कांजिण्या, गोवर, यलो फीवर ह्या जिवंत लसी आहेत, त्या अशा गोळ्या चालू असताना देत नाहीत. म्हणून ज्यांना नुकतंच निदान झालंय त्यांनी कडक औषधं सुरू व्हायच्या आधीच यादी काढून घ्यावी. टीबीची तपासणीही तेव्हाच, कारण टीएनएफ अडवला की झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, शिवाय आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स ओळखण्यात डॉक्टरांचीही फसगत होते.

कधी पळायचं

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि बरोबर यातलं एकही: ताप ३७.८ सेल्सियसच्या वर, म्हणजे शंभर फॅरनहाईट, किंवा नाडी नव्वदच्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली. हा मापदंड १९५५चा आहे, ट्रूलव्ह आणि विट्स ह्या डॉक्टरांचा, आणि आजही तोच वापरतात. असं असेल तर फोनवर सल्ला नको, भरती व्हायचं. पोट फुगून कडक झालं, लघवी आठ तास झाली नाही, ओआरएस पोटात टिकत नाही, तरी तेच. बाकी साध्या शंकांना व्हिडिओवर डॉक्टर चालतो, साथीत दवाखान्याच्या गर्दीत तासभर बसण्यापेक्षा बरा.

रामबागेतल्या काकूंच्या घरी मी त्याच संध्याकाळी जाऊन एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. काकांच्या आजाराचं नाव, प्रत्येक गोळीचं नाव आणि डोस, शेवटचं इंजेक्शन कधी झालं ती तारीख, "लोपेरामाईड, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये", आणि खाली त्यांच्या डॉक्टरांचा नंबर, सगळं हिंदीत, कारण ड्यूटीवरच्या मुलाला मराठी येईलच असं नाही. महिनाभराच्या गोळ्या जास्तीच्या आणून ठेवल्या, कारण साथीत मेडिकलवर सगळ्यात आधी नेमकी आपलीच गोळी संपते. दहा दिवसांनी काकांना खरंच जुलाब लागले. काकूंनी गोळ्या बंद केल्या नाहीत, कागद काढून बरोबर नेला, नमुना आधी दिला. अमीबा निघाला.